होल्स्टर कुठे टोचतं?

पिस्तुलाची होल्स्टर बनवणाऱ्या कारखान्यात मी चौदा वर्षं काम केलं, आणि त्या चौदा वर्षांत खरं पिस्तूल एकदाही हातात धरलं नाही. हे लोकांना खरं वाटत नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत तर आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की अनघा जपानमध्ये चामड्याच्या वस्तूंच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघते. त्यामुळे सुट्टीवर आले की शेजारच्या दोन-तीन बायका पर्स मागायच्या. मी त्यांना कधी पर्स दिली नाही आणि खरं कामही कधी सांगितलं नाही. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी गेले होते सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईहून जपानला जाणाऱ्या विमानात निम्मे लोक आमच्यासारखेच असायचे, खांद्याला लॅपटॉप आणि सामानात कुकर व गोडा मसाला. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, तोक्योत एका बँकेचं प्रोजेक्ट मिळालं होतं, मला दुसऱ्या एका कंपनीचं. आम्ही फुनाबोरीत भाड्यानं राहायला लागलो आणि सहा महिन्यांत माझं प्रोजेक्ट बंद पडलं. एजन्सीच्या माणसाचा फोन आला. "इचिकावात एक छोटा कारखाना आहे मॅडम. त्यांनी एक यंत्र घेतलंय, त्याचं सॉफ्टवेअर लिहायचंय. दीड महिन्याचं काम. बघता का?"

इचिकावा म्हणजे आमच्या स्टेशनवरून पंधरा मिनिटं. म्हटलं, दीड महिना तर दीड महिना.

कारखान्यात पंचवीसेक माणसं होती. वायरमनच्या हत्यारांच्या पिशव्या, कमरेचे जाड पट्टे आणि गणवेशातल्या लोकांसाठी होल्स्टर, एवढाच माल. मालक ओकादा-सान, 'सान' म्हणजे आपलं 'जी'. त्यांना सगळे शाचो म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचे शेठ, पण शेठपणा नसलेले. चामडं कापायला होरी-सान होते. साठी ओलांडलेले, चाळीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेले. ते बोलायचे फार कमी, पण बोलले की सगळे हातातलं काम थांबवायचे.

पहिल्याच दिवशी शाचोंनी टेबलावर एक पिवळंधमक पिस्तूल ठेवलं. माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरू नका, नकली आहे. इथे धातूचं नकली पिस्तूल पांढरं नाही तर पिवळं रंगवावं लागतं आणि नळी बुजवावी लागते, तसा कायदा आहे. वजन मात्र खऱ्याइतकं आहे. आपल्याला खरं कधी लागत नाही. आपल्याला फक्त आकार आणि वजन लागतं."

मग त्यांनी धंदा समजावून सांगितला. मीही तो तसाच सांगते, कारण याहून सोपा कुणी सांगितलेला मी ऐकला नाही. होल्स्टरला दोन उलट कामं करायची असतात. मालकाच्या हाताला पिस्तूल लगेच द्यायचं आणि बाकी कुणाच्याही हाताला अजिबात द्यायचं नाही. त्यात तिसरं काम असं, की दिवसभर अंगावर राहूनही माणसाला छळायचं नाही. तिसऱ्या कामाकडे कुणी लक्ष देत नाही आणि बिघडतं सगळं तिथूनच. कारण ज्याला टोचतं तो माणूस गप्प बसत नाही. तो पट्टा सैल करतो, होल्स्टर पुढे-मागे सरकवतो, बटण उघडं ठेवतो. म्हणजे टोचणारं होल्स्टर शेवटी असुरक्षित होतंच.

नवं यंत्र म्हणजे कागदासारखा पातळ पडदा होता. त्यात शेकडो बारीक ठिपके, प्रत्येक ठिपका दाब मोजणारा. त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेनं तो बनवला होता. पट्ट्याखाली अंगाला गुंडाळला की कुठे किती दाब पडतो ते कॉम्प्युटरवर दिसायचं. हलका दाब निळा, फार दाब लाल. तो रंग दाखवायचं काम माझं. दीड महिन्यात ते झालं, पण तोवर मला त्या लाल डागांची सवय लागली होती. कुणाच्या अंगावर कुठे लाल येतं आणि ते निळं कसं करायचं, याचा छंदच जडला. शाचोंनी विचारलं, राहता का? मी राहिले.

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगते. फुनाबोरीतल्या माझ्या मैत्रिणीचे, शिल्पाचे सासरे मिरजेहून आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सराफीचा धंदा, दोन गावांत दोन दुकानं, आणि दागिने घेऊन ये-जा करावी लागते म्हणून रीतसर परवान्याचं पिस्तूल. गणपतीच्या जेवणात शिल्पानं माझं काम त्यांच्या कानावर घातलं.

अण्णा खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. "अनघा, तू म्हणे ती कव्हरं करतेस?"

"हो अण्णा. तुम्ही कशात ठेवता?"

"पँटच्या खिशात. वर रुमाल ठेवतो, म्हणजे आकार दिसत नाही."

माझ्या हातातला मोदक तसाच राहिला. खिशात ट्रिगरवर कसलंच झाकण नसतं. किल्ली, नाणं, रुमालाचं टोक, काहीही त्यात अडकू शकतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी हसून सोडून दिलं, पण शनिवारी कारखान्यात आले.

होरी-सान त्यांच्याभोवती दोनदा फिरले, पोटाकडे आदरानं बघत. आधी त्यांनी अण्णांचा पँटचा पट्टा काढून बाजूला ठेवला. तो होता पातळ, मऊ. लोक होल्स्टर निवडतात आणि पट्ट्याला विसरतात. मऊ पट्ट्यावर कितीही चांगलं होल्स्टर लावा, ते वजनानं बाहेर कलतं आणि लोंबतं. दोन पदरी, ताठ पट्टा चढवल्यावर पिवळं पिस्तूल घालून आम्ही एकेक जागा बघायला लागलो. पुढे लावलं तर खाली वाकताना पोटात रुतायचं. अगदी मागे लावलं तर खुर्चीत मणक्याला लागायचं, आणि पडले असते तर थेट हाडावर बसलं असतं. उजव्या कुल्ह्याच्या जरा मागे, जरा वर, मूठ किंचित पुढे कललेली, तिथे बसलं.

"अण्णा, पोट आत घेऊ नका," मी म्हटलं.

"घेतलं नाहीये."

"घेतलंय. दिवसभर तसंच घेऊन बसणार आहात का?"

त्यांनी श्वास सोडला आणि होरी-सानांनी पट्टा दोन भोकं ढिला केला. मग त्यांना मांडी घालून बसवलं, बुटाची नाडी बांधायला लावली, शाचोंच्या छोट्या गाडीत चढ-उतर करायला लावली, उंच फळीवरचा डबा काढायला लावला. हात वर गेला की शर्ट वर जातो आणि सगळं उघडं पडतं, म्हणून शर्टाची लांबीही बघावी लागते. ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंडाशी कडक, म्हणजे पिस्तूल बाहेर असताना मिटून न जाणारं, आणि वर अंगठ्यानं उघडायची पट्टी. असं एक होल्स्टर शेवटी ठरलं. अण्णा ते घालून तीन तास बसले, आमच्याबरोबर डबा खाल्ला.

जाताना म्हणाले, "अनघा, हे कमरेला असलं की सारखं तेच आठवतं गं. खिशात असताना विसरून जायचो."

"विसरत होतात, तेच तर वाईट होतं."

त्यांनी नव्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. होल्स्टर घेऊन गेले. पुढच्या वर्षी शिल्पानं सांगितलं, की महिनाभर त्यांनी ते नियमानं वापरलं आणि मग पिस्तूल परवान्यासकट जमा करून टाकलं. दागिन्यांची ने-आण आता दुसऱ्या व्यवस्थेनं होते. पट्टा मात्र रोज लावतात, त्यानं कंबर बरी राहते म्हणतात. आपल्या मालामुळे गिऱ्हाइकानं पिस्तूलच सोडलं याचं मला वाईट वाटलं नाही. शाचोंनाही नाही. ते म्हणाले, "आपण त्यांना वजन दाखवलं. ठरवलं त्यांनी."

आता जी गोष्ट सांगायची आहे ती नाकानो-सानची.

एका प्रीफेक्चरच्या, म्हणजे तिकडच्या प्रांताच्या, पोलिसांनी आम्हाला काम दिलं. कुठल्या ते सांगत नाही. त्यांच्याकडे महिला पोलीस वाढत होत्या. गल्लीतल्या लहान चौकीला तिकडे कोबान म्हणतात. तिथल्या पोलिसांचा अर्धा दिवस सायकलवर जातो. पट्ट्यावर पिस्तूल, बेड्या, दांडकं, वायरलेस. होल्स्टर सगळ्यांना एकच, पुरुषांच्या मापावर काढलेलं. ते बायकांना चालतं का, एवढंच तपासून सांगायचं होतं. त्यांनी आधी एक फॉर्म भरून घेतला होता. मी सगळे फॉर्म वाचले. काय त्रास होतो, या प्रश्नाखाली प्रत्येकीनं लिहिलं होतं, विशेष काही नाही.

त्सुकुबाला जाणारी नवी गाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्या संस्थेच्या एका हॉलमध्ये दोन दिवस बाराजणींची तपासणी ठेवली. पडदा शर्टाच्या आत गुंडाळायचा, म्हणून आड जागा केली होती आणि तिथे फक्त मी. अधिकारी आणि शाचो बाहेर. बायका आपापलं रिकामं होल्स्टर घेऊन यायच्या, त्यात पिवळं पिस्तूल ठेवायचं. मग खुर्ची, जिने, जागेवरची सायकल. शेवटी मी मागून, बाजूनं, वरून मूठ ओढून बघायची. बटण लावलेलं असताना ते निघता कामा नये.

प्रत्येकीच्या कमरेच्या हाडावर लाल डाग येत होता. मूठ बरगडीला लागत होती. मी विचारायचे, दुखतं का? प्रत्येकजण हसून म्हणायची, दाइजोबु, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाकानो-सान आली. तिशीची, ठेंगणी, केस अगदी चापूनचोपून बांधलेले. चालताना उजवा पाय किंचित मागे राहत होता. तिचा पडदा मात्र जवळजवळ सगळा निळाच राहिला, फक्त कुल्ह्याच्या हाडापुढे एक बारीक लाल ठिपका होता, तो मी सोडून दिला. मला आनंद झाला. म्हटलं, हिच्या बांध्यात असं काय आहे ते बघायला हवं. मग ओढून बघायची वेळ आली. मी मूठ धरली, नुसता बाजूला झोका दिला आणि पिस्तूल माझ्या हातात आलं.

दोघी क्षणभर त्या पिवळ्या पिस्तुलाकडे बघत राहिलो. मग तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला आणि ते परत आत ढकलायचा प्रयत्न केला. "परत एकदा करू या," ती हळूच म्हणाली. "परत एकदा, प्लीज."

मी होल्स्टर पट्ट्यावरून काढून उलटं केलं. मागचं चामडं चाकूनं तासून पातळ केलं होतं. वरच्या बाजूला आंघोळीच्या स्पंजचा तुकडा बारीक टाके घालून शिवला होता, म्हणजे मूठ अंगापासून लांब राहील. पण त्यानं होल्स्टर बाहेर कललं आणि अंगठ्याची पट्टी बटणापर्यंत पोचेना, म्हणून पट्टीचं भोक चिरून वाढवलं होतं. बटण लावल्यासारखं दिसत होतं, लागत नव्हतं.

"बाळंतपणानंतर उजवी मांडी बधिर होते," ती सांगू लागली. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून जवळजवळ कानातच. "दुपारनंतर पाय माझा राहत नाही. सायकलवरून उतरताना दोनदा पडले."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं की कोबानवरून काढतील. ही जागा मला आठ वर्षांनी मिळालीये. तिथली म्हातारी माणसं मला नावानं ओळखतात." मग ती कमरेतून वाकली. "कृपा करून हे लिहू नका."

वाकलेल्या तिच्या पाठीकडे बघताना मला तिची दया आली आणि भीतीही वाटली. मी, कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, तिचं पिस्तूल एका झोक्यात काढू शकले होते. एखाद्या जत्रेत, स्टेशनच्या गर्दीत एखादा दारुडा ते काढू शकला असता.

"तुमचं नाव लिहीत नाही," मी म्हटलं. "पण हे होल्स्टर मी परत देणार नाही."

"मग मी बाहेर काय सांगू?"

"मी सांगते."

मी बाहेर जाऊन सांगितलं, की आमच्या यंत्राच्या चिमट्यात सापडून यांची पट्टी फाटली, चूक माझी आहे, कंपनी नवं होल्स्टर देईल. तिच्या क्रमांकापुढे मी लिहिलं, यंत्रात बिघाड, आणि त्या दिवशीची तिची सगळी मापं पुसून टाकली. हे सगळं पाच-सात मिनिटांत झालं. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

शाचो माफी मागत त्या अधिकाऱ्यापुढे कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांनी ते होल्स्टर कागदी पिशवीत घालून मांडीवर धरलं होतं. कारखान्यात आल्यावर पिशवी होरी-सानांच्या टेबलावर ठेवली. होरी-सानांनी दिव्याखाली होल्स्टर उलटंसुलटं करून बघितलं.

"यंत्रानं फाटलेलं नाही," ते म्हणाले. "चाकू आहे. शिवणारीचा हात चांगला आहे."

शाचोंनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वाकायच्या आधी मला सांगायला हवं होतं, अनघा-सान. वाकलो असतोच. पण कशासाठी वाकतोय ते कळलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून मी पिवळं पिस्तूल आणि पूर्ण पट्टा कमरेला लावून कामाला बसायला लागले. नकली असलं तरी ते रस्त्यावर न्यायची सोय नव्हती, म्हणून कारखान्याच्या अंगणातच सायकल चालवायची. लोक डबा खात मला बघत बसायचे. घरी माझी सहा वर्षांची रेवा जपानीत विचारायची, आई, तू आजीसारखी का चालतेस? दहाव्या दिवशी माझ्याही मांडीला मुंग्या यायला लागल्या. कुल्ह्याच्या हाडापुढे पट्टा जिथे दाबतो तिथे एक नस असते, असं त्सुकुबाच्या डॉक्टरांनी दाखवलं. बायकांची कंबर खाली रुंद होत जाते. त्यामुळे सरळ लटकणारं होल्स्टर खाली कुल्ह्याला टेकतं, वरची मूठ बरगडीत घुसते आणि ते चुकवायला पट्टा खाली ओढला की नस दबते. नाकानो-साननं स्पंज लावून जे केलं होतं ते विचार म्हणून बरोबरच होतं, फक्त बटण सुटलं होतं.

दुसऱ्या फेरीला त्या बायका आल्या तेव्हा मी प्रश्न विचारलाच नाही. पडदा गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "मला इथे फार दुखतं. आणि इथून खाली बधिर होतं." पहिल्या बाईनं स्वतःच्या कुल्ह्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मला जरा वर." दुसरीनं शर्ट उचलून बरगडीवरचा काळा डाग दाखवला. एक पोक्त बाई म्हणाली, "दुखणं राहू दे हो. बाथरूमला जायचं तर सगळा पट्टा उतरवावा लागतो, पिस्तूल डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. म्हणून मी ड्यूटीवर पाणी पीत नाही. वीस वर्षं झाली." मी लिहीत होते आणि माझ्या अक्षरांचे डाग पडत होते, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं.

होल्स्टर बदलायला सोपं वाटलं होतं. सोपं नव्हतं. बायकांसाठी वेगळं होल्स्टर म्हटल्यावर सगळ्यात जास्त विरोध बायकांनीच केला. वेगळं दिसलं की लोक म्हणतील, यांना जमत नाही. शेवटी होरी-सानांनी वाट काढली. बाहेरून होल्स्टर तेच ठेवायचं. मागे, पट्टा आणि होल्स्टर यांच्यामध्ये एक पाचरीसारखा चामड्याचा तुकडा, वर जाड, खाली पातळ. मूठ अंगापासून सुटते आणि बटण जागच्या जागी राहतं. पट्ट्यालाही आतून थोडा बाक दिला. सांगायला चार वाक्यं लागली, करायला वर्ष जायला आलं.

त्या वर्षाच्या शेवटी कारखान्यात फोन आला. नाकानो-सान. सायकलवरून तिसऱ्यांदा पडली होती, या वेळी रस्त्याच्या मधोमध. कोबानवरून तिला कार्यालयात हलवलं होतं. नसेचं दुखणं कामामुळे झालं अशी मान्यता मिळाली, तर उपचार आणि रजा मिळणार होती. पण तिनं इतकी वर्षं कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे कागदावर कसलाच पुरावा नव्हता.

"त्या दिवशी तुमच्या यंत्रानं बघितलं होतं ना," ती म्हणाली. "आणि तुम्हीही. ती मापं मिळतील का?"

मी खुर्चीत बसले. "मी ती पुसली, नाकानो-सान."

मग ती म्हणाली, "हो. मीच सांगितलं होतं. तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

तिनं माझी माफी मागितली हे मला अजून सहन होत नाही. मी तिची नोकरी वाचवायला गेले आणि तिच्या दुखण्याची एकुलती एक नोंद पुसून बसले. त्या दिवशी मला फक्त तिचं होल्स्टर काढून घ्यायचं होतं. तिचं दुखणं तिच्यापाशी ठेवायला हवं होतं, मोजलेलं, तारीख घातलेलं. बाकीच्या अकराजणींची मापं मी जपून ठेवली होती, आणि जिला त्यांची खरी गरज होती तिचीच नेमकी नव्हती.

मी शाचोंकडे गेले.

"पुसलेलं परत येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण मी काय पाहिलं ते लिहून देऊ शकते. मग यंत्रात बिघाड नव्हता, हेही लिहावं लागेल. पट्टी आम्ही फाडली नव्हती, हेही."

होरी-सान उठले. त्यांनी आपल्या टेबलाचा खालचा खण उघडून ते होल्स्टर बाहेर काढलं, स्पंजच्या तुकड्यासकट. "ठेवलं होतं," ते म्हणाले. "पाचर याच्यावरूनच शिकलो ना."

हाच पुरावा होता. पण ते होल्स्टर पुढे केलं की नाकानो-साननं सरकारी वस्तूला चाकू लावला होता, हेही उघड होणार होतं. मी तिला फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. तिनं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी फोन आला. "द्या. मी काय केलं ते मीही लिहून देते. आधीच सांगायला हवं होतं."

शाचो आणि मी पोलिसांच्या कार्यालयात गेलो. शाचो पुन्हा वाकले. मी माझ्या जपानीत लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं, दोन ठिकाणी अडखळले. समोरचे अधिकारी वयस्क होते, सौम्य होते. त्यांनी मला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, "तुम्ही परदेशी आहात. इथल्या नियमांची तुम्हाला कल्पना नसेल."

हो म्हटलं असतं तर तिथेच सुटले असते. शाचो माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.

"कल्पना होती," मी म्हटलं. "मी जाणूनबुजून खोटं लिहिलं."

त्यांनी होल्स्टर हातात घेतलं. स्पंजवर अंगठा दाबून बघितला, बराच वेळ. मग विचारलं, "बाकीच्या बायकांनाही असं होतं?" मी अकराजणींचे लाल डाग त्यांच्यासमोर मांडले.

नाकानो-सानला मान्यता मिळायला कित्येक महिने लागले, पण मिळाली. होल्स्टर बिघडवल्याबद्दल तिला लेखी समज देण्यात आली. पाय बराचसा सुधारला, पूर्ण नाही. कोबानवर ती परत जाऊ शकली नाही. शाळेतल्या मुलांना सायकल कशी चालवायची, रस्ता कसा ओलांडायचा, हे शिकवण्याचं काम तिला मिळालं. आमच्या कंपनीचा तिथला व्यवहार वर्षभर थांबवला आणि होरी-सानांची पाचरही तेवढे दिवस कपाटात पडून राहिली. त्या वर्षात किती जणींच्या मांड्या बधिर झाल्या असतील, याचा हिशोब माझ्याकडे लागतो. शाचो मला त्यावरून एकदाही बोलले नाहीत. फक्त कारखान्यात एक नवा नियम आला, की मोजलेलं काहीही कुणीही पुसायचं नाही. त्या नियमाखाली माझं नाव नव्हतं, पण मोजायचं काम माझ्याशिवाय कुणीच करत नव्हतं.

वर्षानंतर पुन्हा बोलावणं आलं. नमुने पास झाले. पहिली खेप जायच्या आदल्या शनिवारी नाकानो-सान कारखान्यात आली, साध्या कपड्यांत, धाकट्या मुलीचा हात धरून. शाचोंनी चहा मागवला. ती चहाला थांबलीच नाही.

"मला एकदा घालून बघता येईल का?" तिनं विचारलं. "मला आता कधी लागणार नाही, माहीत आहे."

मी पट्टा बांधला, पिवळं पिस्तूल ठेवलं, बटण लावलं. ती खुर्चीत बसली, उठली. दोनदा वाकली. मग अंगणात माझी सायकल होती ती घेतली आणि फेऱ्या मारायला लागली. मुलगी टाळ्या पिटत होती. होरी-सान दाराशी उभे राहून बघत होते, मागे हात बांधून. आम्ही सगळेच तोंड भरून कौतुक ऐकायला तयार उभे होतो, हे कबूल करायला हवं.

ती उतरली, पट्टा सोडला आणि सरळ होरी-सानांपुढे गेली.

"इथे," पाचरीच्या खालच्या कडेवर बोट ठेवून ती म्हणाली, "माझ्याएवढ्या उंचीच्या बाईला ही कड अजून लागते. पाय उचलताना. थोडी कमी करा."

खेप खोक्यांत भरून तयार होती. होरी-सानांनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या बोटाजवळ टेकवली आणि विचारलं, "किती?"

तिनं डोळे बारीक करून बघितलं. "तीन मिलिमीटर."

त्यांनी रेघ ओढली. शाचोंनी खोकी उघडायला सांगितलं.